दारजींना कुठं जाळायचं

दारजी आमच्याकडे राहायला आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या मम्मीच्या हातचा चहा परत पाठवला. "ह्यात दूध कुठाय," असं पंजाबीत म्हणाले आणि कप बाजेखाली ठेवला. मम्मीने कप उचलला, चहा मोरीत ओतला आणि दुसरा करायला गेली नाही. त्या दोघांचं पुढं आठ-नऊ वर्षं कसं जाणार, ते मला तेव्हाच कळलं.

दारजी म्हणजे पप्पांचे वडील. काका अमेरिकेत पेट्रोलपंपावर कामाला लागले आणि तिकडेच स्थिरावले. पंजाबात आजी गेल्यावर दारजी मोठ्या घरात एकटे पडले. एकदा अंगणात घसरून कंबर मोडून बसले, तेव्हा पप्पा जाऊन त्यांना घेऊन आले. यायची त्यांची इच्छा नव्हती. रेल्वेत ते पप्पांना सारखं विचारत होते, "तिथे आपली माणसं किती आहेत?" पप्पा सांगत होते, "आपण आहोत ना."

आपण म्हणजे चार जण. पप्पा, मम्मी, मी आणि माझा धाकटा भाऊ. तलवाड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं वेल्डिंगचं वर्कशॉप आणि त्याच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या. पप्पा तरुणपणी पंजाबातून हार्वेस्टरवर ड्रायव्हर म्हणून आले होते. हंगाम संपला, मशीन परत गेलं, पप्पा राहिले. उसाच्या ट्रॉल्या बनवायला लागले. गेवराई तालुक्यातल्या कितीतरी रस्त्यांवर त्यांनी जोडलेल्या ट्रॉल्या धावतात. त्याचा पप्पांना कोण अभिमान! मला तो अभिमान कधी समजला नाही. ट्रॉली त्यांची होती, रस्ता त्यांचा नव्हता.

मम्मी नांदेडची. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांमागे पंजाबातून दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. त्यांना दखनी शीख म्हणतात. ती घरात दखनी बोलते, बाजारात मराठी, आणि पंजाबी तिला फक्त अरदास, म्हणजे प्रार्थना, म्हणण्यापुरती येते. दारजींच्या लेखी ही सून खरी शीख नव्हतीच. "ही हैदराबादन आहे," असं ते पाहुण्यांसमोर हसून म्हणायचे, आणि ते हसणं फार वाईट असायचं. मला तर ते नावानेही हाक मारत नसत. मी भावाशी मराठीत बोलत असले की बाजेवरून ओरडायचे, "ओय, माणसाच्या भाषेत बोल!"

गावाला मात्र आम्ही दोघी, म्हणजे मम्मी आणि मी, सारख्याच होतो. सरदारीण आणि सरदारणीची पोर.

शाळेत दर सव्वीस जानेवारीला 'विविधतेत एकता' असा देखावा असायचा. दरवर्षी मला पंजाब व्हावं लागायचं. मी पाचवीत असताना बाईंना म्हणाले, "बाई, मला यंदा महाराष्ट्र करा ना. मला नऊवारी नेसायचीय." बाई चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडं ड्रेस घरचाच हाय की. कशाला खर्च?" माझी मैत्रीण महाराष्ट्र झाली. तिच्या नाकात नथ, डोक्यावर पदर. मी सलवार-कमीज घालून तिच्या शेजारी उभी, हातात पुठ्ठ्याची गव्हाची पेंढी. मी पंजाबातलं गव्हाचं शेत तोवर फार तर एकदा पाहिलं असेल.

हे सगळं सोसण्यासारखं होतं. बारा वाजल्याचे विनोद, भावाच्या डोक्यावरचा अंबाडा दाबून "आत काय हाय बे, लिंबू का?" असं विचारणं, दुकानात माझ्या मराठीचं कौतुक. "लई चांगलं मराठी बोलती की ही!" माझा जन्म बीडच्या दवाखान्यातला. मी दुसरं काय बोलणार?

मग दिल्लीच्या सीमेवर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन बसले ते वर्ष आलं. टीव्हीवर दिवसभर पगड्या दिसायच्या. दारजी बाजेवर बसून मोबाइल डोळ्यांजवळ धरायचे आणि गर्दीत ओळखीचा चेहरा शोधायचे. त्यांच्या गावचे लोक तिथे होते. आमच्या गावातल्या मोबाइलवर मात्र वेगळंच काहीतरी फिरत होतं.

एक दिवस गावातला एक बागायतदार ट्रॉलीचा हूक बदलायला आला. पप्पांच्या हातची त्याची ती तिसरी ट्रॉली. पप्पा काळ्या काचेचा चष्मा लावून वेल्डिंग करत होते आणि हा खुर्चीवर बसून मोबाइल बघत होता. मध्येच म्हणाला, "काय सरदारजी, तुमच्या भाऊबंदांनी दिल्लीत काय लावलंय? खलिस्तान पाहिजे म्हनं."

पप्पांनी चष्मा वर केला. "मालक, मी तर इथंच हाय ना, तुमच्या समोर."

"तसं न्हाई, तुमी चांगले हाव. पन रक्त ते रक्तच असतंय."

भाऊ तेव्हा बारावीला होता. तो ग्राइंडर ठेवून पुढे आला. "काका, ते शेतकरी हायेत. तुमी बी शेतकरीच की."

"ए, तू मला शिकवू नको. खायाचं आमचं आन् गायाचं तिकडचं?"

"आमी तुमचं काय खातो? काम करतो न्हाई का?"

बागायतदार उठून उभा राहिला. त्याने भावाला हात लावण्याच्या आत पप्पांनीच भावाच्या थोबाडीत मारली. मग पप्पा त्या माणसापुढे दोन्ही हात जोडून उभे राहिले. हातात अजून वेल्डिंगचे जाड मोजे होते. "लहान हाय मालक. माफ करा." हूक बसवून झाला, तो माणूस गेला, आणि भाऊ दिवसभर पाण्याच्या टाकीमागे बसून राहिला. मी जवळ गेले तर म्हणाला, "तू जा. तू पण हात जोड जाऊन."

त्या रागात आम्ही दोघं एका बाजूला झालो आणि पप्पा दुसऱ्या. पप्पांचं एकच वाक्य असायचं, "आपल्याला इथं राहायचंय." जणू राहण्याचं भाडं म्हणून हात जोडायचे असतात. दारजींना पप्पांचा वेगळाच राग होता. "शेराचा बच्चा बकरी झाला," म्हणायचे, "या बायकोमुळे." ते वर्कशॉपमध्ये येऊन कुणाला काही सुनावणार तर तेही नाही. त्यांचा सगळा शूरपणा बाजेवरचा.

त्याच हिवाळ्यात गेवराईच्या स्टँडवर काही पोरांनी भावाचा पटका ओढला. तो कॉलेजला निघाला होता. बस लागलेली, माणसं चढत होती. पटका सुटला, केस पाठीवर आले. एकाने त्या केसांचा व्हिडिओ केला. कुणी मध्ये पडलं नाही. कंडक्टर म्हणाला, "चढायचं तर चढा, उशीर होतोय." भाऊ बसमध्ये न चढता घरी परत आला. केस तसेच मोकळे आणि मातीत पडलेला पटका मुठीत.

मम्मीने पटका धुतला. पोलिसांत जाऊ, असं ती म्हणाली. पप्पा म्हणाले, "पोरं हायेत. उगी वाढवू नका." पुढच्या आठवड्यात भाऊ बीडला गेला तो केस कापूनच आला. दारात उभा राहिला. त्याची मान मी पहिल्यांदाच पाहत होते. बारीक, गोरी, पोरीच्या मानेसारखी. पप्पांनी त्याच्याकडे बघितलं आणि ट्रॉलीच्या खाली शिरले. बराच वेळ आतून ठोकण्याचा आवाज आला नाही.

दारजींनी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी मम्मीला म्हणाले, "तुझ्या रक्तात शीखी नव्हतीच, ती पोरात कुठून येणार?"

मम्मी भाकरी थापत होती. आजवर तिने त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. ती पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "दारजी, उसके बाल खींचे तब तुम किधर थे? बाज पे. मैं बी घर में थी. उसकू अकेलेच रोज जाना है उधर. सो उसकू बोलो नक्को." मग मराठीत, मुद्दाम मराठीत, माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवायचं तर जेवा म्हणावं. ताट झाकून ठेवलंय."

दारजी संध्याकाळी जेवले. पण भावाशी ते पुन्हा बोलले नाहीत, शेवटपर्यंत.

रविवारी अमेरिकेतून काकांचा व्हिडिओ कॉल यायचा. काकांची मुलगी माझ्याच वयाची. तिला पंजाबी जेमतेम येई. "हाय बाबाजी," म्हणायची, आणि पुढचं सगळं इंग्रजीत. दारजींना त्यातला शब्द कळत नसे, पण चेहरा उजळायचा. "कशी फर्राटेदार बोलते!" तिचं इंग्रजी ऐकून त्यांना अभिमान वाटे आणि माझं मराठी ऐकून लाज. याचा मला इतका संताप यायचा की कॉल चालू असताना मी मुद्दाम भांडी आपटायचे.

एका रविवारी काका गप्प गप्प होते. पंपावर एका गाडीवाल्याने त्यांच्या तोंडावर थंड पेय फेकलं होतं आणि ओरडला होता, आपल्या देशात परत जा म्हणून. काकांच्या मुलीने फोन घेतला. तिला शाळेत असताना असंच म्हणायचे, असं तिने सांगितलं. मला विचारलं, "तुझ्याकडे तर असं नसेल ना? तू तर स्वतःच्या देशात आहेस."

मी म्हणाले, "मला पंजाबला जा म्हणतात."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. दारजी मात्र हसले नाहीत. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "तिथले निदान परके आहेत." एवढंच. माझ्या बाजूने ते बोलले असं मला वाटलं आणि वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

त्यानंतरच्या वर्षांत गावाचे दोन तट पडले. कशावरून, ते बीड जिल्ह्यात सांगायला नको. पूर्वी पोळ्याला एकत्र असलेली माणसं एकमेकांच्या दुकानाच्या पायऱ्या चढेनात. चहाच्या टपऱ्या वाटल्या गेल्या, किराणा वाटला गेला, औषधाचं दुकानसुद्धा. पप्पांना वाटलं, आपण कुणातच नाही, म्हणजे आपण वाचलो. झालं उलटंच. दोन्हीकडचे लोक येऊन विचारायचे, "सरदारजी, तुमी कुन्या बाजूचे?" पप्पा हात जोडून म्हणायचे, "मी सगळ्यांचा." सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, हे गावाला लगेच कळलं. एका रात्रीत आमच्या फाटकाला कुणीतरी झेंडा बांधून गेलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची पोरं आली, झेंडा काढला आणि फाटक लाथा मारून वाकवलं. पप्पांनी फाटक गॅसने तापवून सरळ केलं.

अशा गावात दारजी वारले.

सकाळची वेळ. उन्हात बाज टाकून ते पगडी बांधत होते. मम्मी दळण घेऊन आली तेव्हा ते भिंतीला टेकलेले होते, पगडीचं एक टोक दातांत, अर्धी बांधून झालेली, बाकीचं कापड मांडीवर. मम्मीने पप्पांना हाक मारली. पप्पांनी वेल्डिंग थांबवलं. आले, बघितलं, खाली बसले आणि दारजींच्या दातांतून कापड सोडवून घेतलं. अंघोळ घालून झाल्यावर पप्पांनीच ती पगडी पूर्ण बांधली. त्यांच्या हातून तिचे पदर सारखे सुटत होते.

नांदेडला मामांना फोन केला. ते गुरुद्वाऱ्यातल्या ग्रंथीजींना घेऊन निघाले. तेव्हा पप्पा म्हणाले, "दारजींना नांदेडलाच घेऊन जाऊ. पिकअप आहेच मामांकडे. तिथं आपलं सगळं आहे."

आमच्या घरातलं हे या गावातलं पहिलंच मरण. माणूस मेल्यावर त्याला जागा लागते, याचा आम्ही कधी विचार केला नव्हता. गावात दोन स्मशानं. एक ओढ्याकाठी, सरकारी पत्र्याची शेड असलेलं, आणि दुसरं तळ्याच्या बाजूला. एका तटाचं एक, दुसऱ्याचं दुसरं.

"नांदेडला नाही," मम्मी म्हणाली.

"अगं, कशाला गावात उगी..."

"इनो इधर रहे. इधरीच मरे." मग तिने पप्पांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "आज ह्यांना इथं जागा मिळाली नाही तर उद्या मला मिळणार नाही, तुम्हाला मिळणार नाही. मला मेल्यावर गाडीत घालून फिरवायचं नाही." दारजींवर तिचं प्रेम नव्हतं, आणि त्या दिवशीही तिने तसं दाखवलं नाही. तिला जागा हवी होती.

पप्पा आणि मी आधी सरपंचाकडे गेलो. सरपंच खरं तर बाई होत्या, पण कारभार त्यांचा नवरा बघायचा आणि सगळे त्यालाच सरपंच म्हणायचे. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, "लई वाईट झालं" म्हणाला.

पप्पांनी विचारलं, "ओढ्याच्या शेडमध्ये केलं तर..."

"माझी काय बी हरकत न्हाई सरदारजी. पन तिथं आमच्याच लोकांचं असतंय. आता दिवस कसे हायेत तुमी बघताच. लोक ऐकनार न्हाईत. तळ्याकडच्यांना विचारा की."

मी म्हणाले, "शेड सरकारी हाय ना, काका?"

"कागदावर सरकारी हाय, पोरी. गाव कागदावर चालत न्हाई."

तळ्याकडच्या बाजूचे एक म्हातारे, सगळे त्यांना मानायचे. ते ओट्यावर अडकित्ता घेऊन बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "तुमच्यात पुरतेत का जाळतेत?"

"जाळतो आमी, मामा," पप्पा म्हणाले.

"मंग नांदेडला न्या. तिथं तुमचं पवित्र हाय. इथं कावून माती करता म्हाताऱ्याची?" सुपारी तोंडात टाकून ते पुढे म्हणाले, "आमी तवाच सांगत हुतो, कुन्या तरी बाजूला या. तुमी सगळ्यांचे. मंग सगळ्यांना विचारा आता."

कुणी शिवी दिली नाही. कुणी आवाज चढवला नाही. दोन्ही घरांतून आम्हाला चहा विचारला. वाटेत मी पप्पांना म्हणाले, "हात जोडून काय मिळालं?" ते चालत राहिले. मी पुन्हा म्हणाले, "इतकी वर्षं हात जोडले, काय मिळालं?" रस्त्याच्या मधोमध ते थांबले आणि माझ्यावर ओरडले, पंजाबीत. मला त्यातलं अर्धंच कळलं.

घरी येऊन मी ग्रामसेवकाला फोन लावला. तो म्हणाला, "कायद्यानं कुणी अडवू शकत नाही, मॅडम. पण मी असं म्हणालो हे कुठं सांगू नका." आणि फोन ठेवला.

गावातल्या लाकडाच्या वखारीत भाऊ गेला तर "लाकडं ओली हायेत" म्हणून सांगितलं. उन्हाळा लागला होता. वखारीसमोर धूळ उडत होती. शेवटी मामांनी गेवराईला जाऊन लाकूड आणलं. पिकअपमध्ये खाली लाकडं, वर दारजी. भावाने डोक्याला पगडी बांधून घेतली. कापलेल्या केसांवर ती नीट बसत नव्हती, पप्पांनी ती दोनदा सोडून बांधली. दोघं एकमेकांच्या इतके जवळ मी बऱ्याच दिवसांनी बघितले.

आम्ही ओढ्याच्या शेडकडे गेलो. ते मम्मीने ठरवलं, सरकारी आहे म्हणून. गावात बायका स्मशानात जात नाहीत. मम्मी पिकअपच्या मागे चालत होती, मी तिच्या शेजारी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली. आमच्या बाजूने आलेली नव्हे, बघायला आलेली. त्या दिवशी ओढ्याकाठी दोन्ही तटांचे लोक होते. कित्येक महिन्यांत ते एका जागी जमले नव्हते.

शेडमधल्या ओट्यावर पाच-सहा पोरं बसली होती. जिथे चिता रचायची त्याच ओट्यावर, पाय खाली सोडून, मोबाइल बघत. त्यांना आमच्या येण्याचं कळलंच नाही असं दाखवत. पप्पा पुढे झाले आणि त्यांनी हात जोडले. "बाळांनो, जरा..." कुणी मान वर केली नाही. पप्पा तसेच उभे. मामांपैकी एक जण तापट होता, तो बाह्या वर करायला लागला. ग्रंथीजींनी त्याचा दंड धरला.

मम्मी पिकअपकडे गेली. एक ओंडका खांद्यावर घेतला, ओट्यापाशी आली आणि त्या पोरांच्या मधोमध, एकाच्या मांडीला लागून, खाली ठेवला. परत गेली, दुसरा आणला. तोही ठेवला. मग मी आणला. भावाने आणला. मामा आणायला लागले. आम्ही त्या पोरांच्या भोवती चिता रचत होतो. लाकडं त्यांच्या पाठीला लागायला लागली, गुडघ्यांना लागायला लागली. एक पोरगा उठला. दुसरा उठला. एका मोठ्या ओंडक्याचं टोक माझ्या हातून घसरत होतं, तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने ते हात घालून सावरलं. मग त्याने मित्रांकडे बघितलं आणि हात काढून घेतला. ओंडका माझ्या पायावर पडला. नख काळं पडलं.

शेवटचा पोरगा उठला आणि ओट्याच्या कडेला थुंकून गेला. पप्पा अजून हात जोडूनच उभे होते. मम्मी त्यांच्याजवळ गेली, तिने त्यांचे दोन्ही हात धरून खाली केले आणि म्हणाली, "अब अरदास के वास्ते जोड़ो."

अरदास झाली. पप्पांचा आवाज मध्येच फुटला तेव्हा भावाने पुढची ओळ उचलली. त्याला ती पाठ होती, याचं मला नवल वाटलं. पप्पांनी अग्नी दिला. बघे मोबाइल उंच धरून उभे होते. पत्रे तापून तडतडायला लागले तसे ते पांगले.

फुलं, म्हणजे अस्थी, वेचायला आम्ही गेलो तेव्हा ओटा स्वच्छ होता. धुतलेला. गोमूत्राचा वास येत होता. राख आणि अस्थी खराट्याने लोटून ओढ्याच्या कडेला बाभळीच्या बुडाशी टाकल्या होत्या, पालापाचोळ्यात. पप्पा, मम्मी, भाऊ आणि मी गुडघ्यांवर बसून त्यातून दारजी वेचले. बाभळीचे काटे हाताला लागत होते. आपल्या अस्थी पंजाबात कीरतपूरच्या नदीत जाव्यात, अशी दारजींची इच्छा होती. पप्पांनी एक वाटा तिकडे नेला आणि बाकीचा आम्ही गोदावरीत सोडला. त्या वेळी मम्मीने डोक्यावरून ओढणी घेतली आणि पाण्याकडे पाठ करून उभी राहिली. रडत होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

पुढच्याच ग्रामसभेत शेडवर पाटी लावायचा विषय निघाला. कोणत्या समाजाची शेड, ते मोठ्या अक्षरांत लिहायचं. तो ठराव झाला. पाटी बनवायचं काम पप्पांकडे आलं, कारण गावात लोखंडाचं काम दुसरं कोण करतं? मी म्हणाले, करायचं नाही. भाऊ म्हणाला, करायचं नाही. पप्पांनी चौकट बनवली, पण अक्षरं काढली नाहीत. "पेंटरकडून काढून घ्या," म्हणाले. त्यांच्या नकाराची उंची तेवढीच. तरी तो नकार होता, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही. तेव्हा मी त्या चौकटीवर पाय आपटला होता.

भाऊ पुण्याला नोकरीला लागला. सणालाही क्वचित येतो. मी बीडला एका खासगी शाळेत मराठी शिकवते. नोकरीला लागले तेव्हा पालकांनी मुख्याध्यापकांना विचारलं होतं, "मराठीला दुसरं कुणी मिळालं न्हाई का?" शनिवारी मी घरी जाते.

मागच्या वर्षी सरपंचाच्या मुलीचं लग्न होतं. अख्ख्या गावाला आमंत्रण, आम्हालाही. सरपंच स्वतः पत्रिका घेऊन आला. खुर्चीवर बसला, पाणी प्याला, माझ्या नोकरीची चौकशी केली. "पोरगी मोठी झाली की," म्हणाला. मी आत निघून गेले.

लग्नाच्या दिवशी पप्पांनी धुतलेली पांढरी पगडी बांधली. मम्मीला म्हणाले, "चल."

"मैं नै आती."

मला म्हणाले, "तू?"

"ज्या माणसानं दारजींना जागा दिली नाही त्याच्या घरी जेवायला जायचं? तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

पप्पा आरशात पगडीचा पदर खोचत होते. "त्याला त्याच्या लोकांची भीती होती," म्हणाले. "मला बी भीती असते. वाईट माणूस न्हाई तो."

"मग कोण वाईट आहे, पप्पा? एक नाव सांगा. या गावात वाईट कोण आहे?"

त्यांनी चपला घातल्या. एकटेच गेले. संध्याकाळी परत आले ते कागदात बांधलेले बुंदीचे लाडू घेऊन. सरपंचाने मुद्दाम माझ्यासाठी दिले होते म्हणे. त्यांनी पुडी माझ्यासमोर ठेवली. मी हात लावला नाही. मम्मीने उचलून फळीवर ठेवली.

सकाळी मी बसला निघायच्या आधी चहा पीत होते. पप्पा समोर येऊन बसले, फळीवरची पुडी काढली आणि माझ्याकडे बघत लाडू खायला लागले. सावकाश, एक झाला की दुसरा. मी नजर काढली नाही. त्यांनीही काढली नाही. लाडू संपले तेव्हा कागद झटकून चुरा तळहातावर घेतला, तोही तोंडात टाकला, आणि वर्कशॉपचं शटर उघडायला उठले.